हानले नाही, जिनिव्हाच

ती. आई-बाबा,
सा. न.

काल बाबांनी नुसतं "बरं" म्हणून फोन आईकडे दिला, तेव्हाच ठरवलं की हे सगळं नीट लिहून पाठवायचं. हो, जिनिव्हातला करार वाढवून घेतलाय. अजून तीन वर्षं. सहीसुद्धा झाली.

बाबा, तुमचं म्हणणं अगदीच चूक नाही. चेरेन्कॉव्ह प्रकाशच बघायचाय, तर लडाखमध्ये हानलेला केवढी मोठी दुर्बीण आहे! पण ती हवेत उमटणारी चमक टिपते. बाहेरून आलेलं अणुकेंद्र हवेत शिरलं की फुटतं, आणि मला ते अख्खं हवंय. म्हणून आमचं एएमएस, हे कण टिपणारं यंत्र, २०११ पासून अवकाशस्थानकावर, चारशे किलोमीटर वर. त्यातल्या माझ्या भागात एरोजेलच्या, म्हणजे अगदी हलक्या, पारदर्शक पदार्थाच्या पातळ फरशा आहेत. त्यांच्यात प्रकाशाचा वेग जरा मंदावतो. कण त्याहून वेगात घुसला, की त्या निळसर चेरेन्कॉव्ह प्रकाशाचा शंकू निघतो आणि खालच्या ६८० प्रकाश टिपणाऱ्या नळ्यांवर त्याचं कडं पडतं. खाली मधोमध मोठं भोक आहे, तेवढ्याच जागी वर सोडियम फ्लोराइड बसवलंय. त्यातून शंकू जास्त रुंद निघतो, प्रकाश भोकात न जाता कडेला पडतो. कुणाला सुचलं असेल हे, बाबा! तुम्ही असता तर वहीत आकृती काढली असती.

आई, पडद्यावर ते ठिपक्या-ठिपक्यांचं कडबोळं दिसतं बघ. मोठं असलं की कण वेगवान. चुंबकात तो किती वळला हे वेगाला जोडलं की वस्तुमान कळतं. मी त्या कणांतलं बेरिलियम हे मूलद्रव्य शोधते. त्याचा एक प्रकार साधारण १४ लाख वर्षांत निम्मा होतो, दुसरा तसाच राहतो. म्हणजे हे अवकाशातून येणारे कण, वैश्विक किरण, आकाशगंगेत किती काळ भटकले ते निघतं. स्थानक २०३० पर्यंतच चालवायचं ठरलंय. नोकऱ्या नंतरही मिळतील, पण हे वर परत कधी जाणार?

आणि हे दादासारखं नाही गं. मी येणार आहे.

इथे मजेत आहे. हीटर चालतो, ज्वारीचं पीठ मिळतं, जुनं असतं पण भाकरी होते. रात्रपाळीला एकटी नसते, सोबतचे गाडीने घरापर्यंत सोडतात. फक्त ताप आला की तुझी मऊ खिमटी आठवते, आणि बाबांचा कपाळावरचा हात. अजूनही.

आता ऐका. बाबा, मोतीबिंदू दिवाळीनंतर बघू, हे चालणार नाही. बुधवारची वेळ घेतलीय, काका गाडी घेऊन येतील, त्यांना उगाच परत पाठवू नका. ऑपरेशन नंतर डॉक्टर हो म्हणेपर्यंत स्कूटर नाही, दळण आणायलासुद्धा नाही. आई, फिजिओवाल्या ताईला नुसता चहा पाजून वाटेला लावतेस, हे मला कळलंय. व्यायाम करायचा, दुखलं तरी थोडा करायचा. रागावू नकोस.

दिवाळीला नाही जमत, जानेवारीत चांगली मोठी रजा काढून येते. तोवर स्कूटरची किल्ली आईकडे.

तुमची,
छोटी