टॉम रॉबिन्सनचा डावा हात

मा. संपादक,
स. न. वि. वि.

‘टू किल अ मॉकिंगबर्ड’च्या मराठी नाट्यरूपांतराचे परीक्षण आपल्या अंकात वाचले. पुण्यातला हा प्रयोग आम्हीही पाहिला. परीक्षणात ॲटिकस या बचावाच्या वकिलाच्या समारोपाच्या भाषणाचे आणि रंगभूषेचे कौतुक आहे. भाषण चांगले झाले, पण त्याला वेळ मिळावा म्हणून साक्षी कापल्या आहेत, आणि अन्याय दिसतो तो साक्षींत.

हार्पर लीच्या १९६० सालच्या या कादंबरीत, अमेरिकेतल्या अलाबामा राज्यात, मेयेला या गोऱ्या तरुणीवर बलात्कार केल्याचा आरोप टॉम रॉबिन्सन या कृष्णवर्णीयावर आहे. हा खटला डाव्या-उजव्यावर उभा आहे. मेयेलाच्या चेहऱ्याची उजवी बाजू सुजलेली, म्हणजे समोरून मारणारा बहुधा डावखुरा. तिचा बाप बॉब युएल कोर्टात डाव्या हाताने नाव लिहितो. टॉमचा डावा हात तर लहानपणी कापसाच्या जिनमध्ये (सरकी काढायच्या यंत्रात) सापडून कायमचा निकामी झालेला. वाचताना हे लख्ख कळते. रंगमंचावर निसटते, कारण नटाची उजवी बाजू ती प्रेक्षकाची डावी. कादंबरीतला शेरीफ, म्हणजे तिथला पोलीसप्रमुखसुद्धा, आधी डावा डोळा म्हणतो, मग चूक सुधारतो. लेखिकेने दिलेली ही आयती सोय आहे! शेरीफने प्रेक्षकांकडे तोंड करून स्वतःच्या उजव्या गालावर तळवा ठेवावा, तीन सेकंद थांबावे, मग बोलावे. प्रयोगात तो चालता चालता, आडवा उभा राहून सांगून टाकतो.

टॉमची शपथही कापली आहे. मूळ कादंबरीत तो उजव्या हाताने डावा उचलून बायबलवर ठेवतो. उजवा वर करताच डावा घसरून टेबलावर आपटतो. हे एकदा दिसले की वकिलाची निम्मी वाक्ये गाळता येतात. नटाने हात खिशात घालू नये, तो लपवल्यासारखा वाटतो. खांदा सैल, कोपर अंगाशी, बोटे मिटलेली, आणि पहिल्या प्रवेशापासून त्या हाताचा कशालाही आधार नाही. प्रयोगात टॉम खुर्चीतून उठताना दोन्ही हात टेकतो. बचावाचा पायाच तिथे गेला.

ज्युरी, म्हणजे निकाल देणारे सामान्य नागरिक, म्हटले की मराठी प्रेक्षकाला नानावटी खटला आठवतो, फार तर. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेपासून आपल्या फौजदारी खटल्यांत ज्युरी उरलीच नाही. म्हणून नाटकाच्या संहितेत एक वाक्य हवे: बारा जण, सगळे गोरे, सगळे पुरुष. अलाबामात १९६६ पर्यंत स्त्रियांना ज्युरीत बसता येत नव्हते. कृष्णवर्णीयांना ज्युरीच्या यादीतून वगळणे घटनाबाह्य आहे, असा निर्णय अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने स्कॉट्सबरो प्रकरणात (अलाबामातल्या नऊ कृष्णवर्णीय मुलांवरचा बलात्काराचा खटला) १९३५ मध्ये दिला, आणि कादंबरीतला खटलाही त्याच वर्षीचा. बारा नट परवडत नाहीत हे खरे. पण चार नट बसवले की प्रेक्षक चारच मोजतो. त्यापेक्षा बारा रिकाम्या खुर्च्या प्रेक्षकांकडे पाठ करून मांडाव्यात. लीच्या गावी, मन्रोव्हिलला, जुन्या कोर्टात होणाऱ्या प्रयोगात तर ज्युरी प्रेक्षकांतूनच निवडतात.

आता रंगभूषा. अमेरिकेत १८३० च्या दशकापासून गोरे नट जळलेल्या बुचाची काजळी तोंडाला फासून कृष्णवर्णीयांची टिंगल करणारे खेळ करत. त्या अन्यायावरच्या नाटकात मराठी नटांची तोंडे काळी करणे आम्हाला फार लागले. त्याची गरजही नाही. कोण कुठून आत येतो, कोण कुठे बसतो, यावरून सगळे कळते. वेगळी जागा म्हणजे काय, हे महाराष्ट्रात समजावून सांगावे लागत नाही.

मूळ कादंबरीत कृष्णवर्णीय लोक कोर्टाच्या सज्जात बसतात आणि ॲटिकसची मुलेही त्यांच्यातच बसून खटला पाहतात. प्रयोगात मुले न्यायाधीशाशेजारी आहेत! बालगंधर्वसारख्या ठिकाणी नाट्यगृहाचीच बाल्कनी वापरण्याचा मोह होईल, पण तिच्याखालच्या रांगांना ती दिसणार नाही. रंगमंचावरच मागे पाच फूट उंचीची लेव्हल (लाकडी चौथरा) लावावी. त्याहून उंच केली की उभ्या नटाचे डोके वरच्या झालरीआड जाण्याची भीती.

निकालानंतर ॲटिकस निघतो तेव्हा सज्जातली सगळी माणसे उभी राहतात. तिथे पार्श्वसंगीत नको. बाक सरकल्याचा आणि फळ्यांवरच्या पावलांचा आवाज पुरे, त्यासाठी त्या लेव्हलवर सतरंजी तेवढी अंथरू नये.

आपले,
नाटकवेडे वाचक, सदाशिव पेठ, पुणे