गरम वरण आणि प्लॅस्टिकचा डबा

वडोदरा

चि. सौ. मनूस अनेक आशीर्वाद.

काल तू "बाबा, पुरे" म्हणून फोन ठेवलास. तिसरा महिना, त्यात ओकाऱ्या. अशा वेळी मुलीला ऐकवत बसू नये, असं आईने मला नंतर सुनावलं. पण व्हिडिओवर ते गरम वरण प्लॅस्टिकच्या डब्यात, झाकण घट्ट लावून मायक्रोवेव्हमध्ये जाताना दिसलं आणि राहवलं नाही.

माझी सगळी नोकरी पीव्हीसी प्लॅस्टिकचे नमुने तपासण्यात गेली. ते मऊ करायला फ्थॅलेट नावाचं रसायन घालतात. ते प्लॅस्टिकशी जोडलेलं नसतं, नुसतं मुरलेलं असतं. ऊन पदार्थ, तेल-तूप लागलं की सुटतं. पॉलिकार्बोनेट या कडक प्लॅस्टिकमधून बिस्फेनॉल ए हे रसायन सुटतं. दोन्ही वारेतून बाळापर्यंत पोचतात. आणि बाळाचे काही अवयव हार्मोनच्या इशाऱ्यावर घडतात गं. मुलगा असेल तर आठव्या ते चौदाव्या आठवड्यात टेस्टोस्टेरॉन त्याची जननेंद्रियं घडवतं. काही फ्थॅलेट नेमकं तेच कमी करतात, हे उंदरांवरच्या प्रयोगांत स्पष्ट दिसलंय. मेंदूसाठी लागणारं थायरॉइडचं हार्मोन तर सुरुवातीला तुझ्याच रक्तातून जातं. अमेरिकेत गर्भ टिकावा म्हणून बायकांना डीईएस हे कृत्रिम स्त्री-हार्मोन द्यायचे. त्यांच्या काही मुलींना ऐन तारुण्यात योनिमार्गाचा दुर्मीळ कर्करोग झाला, तेव्हा १९७१ साली त्याचं मूळ सापडलं.

परत भाषण झालं. माफ कर. डीईएस हे औषध होतं, भरपूर मात्रेत दिलेलं. तुझा डबा म्हणजे ते नव्हे. एका डब्याने काही होत नाही. रोज नको, एवढंच.

तू पोटात होतीस तेव्हा दांडिया बाजारच्या घरी आजी पातेल्याची कल्हई उडालेली दिसली की त्यात आमटी करू द्यायची नाही. कल्हईवाला येईपर्यंत पातेलं पालथं. "आंबट कळकतं, पोटुशीला नको," असं मला, एम.एस्सी. झालेल्याला, बजावायची. तिची पणती आज मेट्रोचे पूल आखते, हे पाहायला ती हवी होती असं नेहमी वाटतं; चुकलो, नात. तुझ्या बाळाचाच विचार सारखा डोक्यात असतो.

शुक्रवारी सुहास पुण्याला येतोय. त्याच्याबरोबर स्टीलचे डबे आणि काचेचे दोन वाडगे देतोय. वरण गॅसवर ऊन कर, नाहीतर काचेच्या वाडग्यात. बटाट्याचा लीलो चेवडा दुकानातून प्लॅस्टिकच्या पिशवीत आला होता, आईने लगेच बरणीत काढलाय.

रागावली असलीस तरी थायरॉइडच्या टीएसएच तपासणीचा रिपोर्ट पाठव.

तुझा,
बाबा