गोलमागे उभ्या राहिलेल्या अण्णांना

आदरणीय अण्णा,

सा. न. वि. वि.

तुमच्या सूनबाई म्हणाल्या, अण्णा मोबाइल फक्त बोलायला वापरतात, वाचायच्या भानगडीत पडत नाहीत. पण तुम्ही लिहा, मी मोठ्यानं वाचून दाखवते. म्हणून हे पत्र. चारचौघांत लिहितेय ते मात्र मुद्दाम. त्या सकाळी मुलांच्या फुटबॉल मॅचला मैदानाच्या कडेला उभ्या असलेल्या बाकीच्या आईबापांनीही ते वाचावं असं मला वाटतं. काहींना टोचेल. टोचू दे.

मी त्या पिवळ्या जर्सीतल्या गोलकीपरची आई. "बसा की ओ ताई, पण दगड गार हाय, चादर घ्या खाली," असं म्हणून तुम्ही अर्धी चादर माझ्याकडं सरकवलीत. दुसरी चादर तुमच्या अंगावर होती. दोन चादरी घेऊन मॅच बघायला येणारा माणूस सोलापुरातच भेटायचा.

थंडीचं कौतुक आपण सोलापूरकरांनी करावं म्हणजे बाहेरच्यांना हसूच येणार. मे महिन्यात 43-44 अंश मुकाट सोसणारे आपण, आणि जानेवारीत होम मैदानावर गड्ड्याची जत्रा भरायच्या दिवसांत जरा गारठा पडला की कानटोप्या शोधत फिरतो. पण त्या दिवशी मोबाइल 11 अंश दाखवत होता आणि मोकळ्या मैदानावर उत्तरेचा वारा अडवायला एक झाडसुद्धा नव्हतं. मी शाळेत विज्ञान शिकवते. आकाशात ढग नसले की जमिनीतली उष्णता रात्रभर सरळ वर निघून जाते आणि सगळ्यांत कमी तापमान मध्यरात्री नाही, सूर्योदयाच्या आसपास असतं, हे मी दरवर्षी फळ्यावर लिहिते. एका दिवसात चार सामने उरकायचे म्हणून ज्यांनी पहिली मॅच सकाळी सातला लावली, त्यांनी दिवसातली नेमकी तीच वेळ हुडकून काढली होती. आपल्याकडं जानेवारीत सूर्यच सातच्या सुमाराला वर येतो. आम्ही घरातून निघालो तेव्हा सकाळची पुण्याला जाणारी हुतात्मा एक्स्प्रेससुद्धा सुटायची होती.

बरं, सात म्हणजे सातला सुरू झाली असती तरी चाललं असतं. पाहुणे यायचे होते. दोन्ही संघ अर्ध्या चड्डीत रांगेत उभे, दवानं बूट ओले, समोर नारळ आणि हार ठेवलेलं टेबल, आणि माइकवर "थोड्याच वेळात आगमन होत आहे". वॉर्म-अप करून अंग गरम केलेली पोरं पुन्हा गार पडत चालली होती. तेव्हा तुम्ही पायरीवरूनच ओरडलात, "उभं राहू नका बे! जागेवर उड्या मारा!" पोरांनी आधी कोचकडं बघितलं, मग माइककडं, आणि मग मारायला लागली की उड्या. दोन्ही संघ. पाहुणे गाडीतून उतरले तेव्हा त्यांच्या स्वागताला बावीस पोरं टुणटुण उडत होती. त्या दिवसातलं मला सगळ्यात आवडलेलं दृश्य ते.

तुमचा आवाज इतका मोठा का, हे तुम्ही मला नंतर सांगितलंत. आयुष्य यंत्रमागावर गेलं. त्या खडखडाटात शेजारच्याशी बोलायचं तरी ओरडावं लागतं, आणि कानही तिथंच थोडे गेले. मी हसले होते. पण त्या आवाजाचं काय मोल होतं ते पुढं कळलं.

आधी चेंडूचं सांगते, कारण त्यावर मी घरी येऊन गणित केलंय. मॅच सुरू व्हायच्या आधी चेंडू घरंगळत पायरीपाशी आला, तुम्ही तो उचलून अंगठ्यानं दाबलात आणि म्हणालात, "काल दुपारी भरलेला दिसतोय. थंडीनं बसलाय. पंप मारा." पंचांनी ऐकलं, हे त्यांचं मोठेपण. नियमाप्रमाणे चेंडूतल्या हवेचा दाब समुद्रसपाटीला बाहेरच्या हवेपेक्षा 0.6 ते 1.1 ॲटमॉस्फिअर जास्त हवा. आदल्या दुपारी 30 अंशांत कुणी 0.7 पर्यंत भरून ठेवला असेल, तर 11 अंशांत तोच चेंडू, एक कणही हवा न गळता, 0.6 च्या किंचित खाली येतो. म्हणजे नियमात बसणारा चेंडू रातोरात नियमाबाहेर. वायूचं तापमान उतरलं की दाबही उतरतो, हा धडा मी इतकी वर्षं सायकलच्या ट्यूबचं उदाहरण देऊन शिकवत आले. यंदा तुमचा अंगठा सांगणार आहे.

आता तो गोल.

नाणेफेक आपण हरलो. पहिल्या हाफला माझा पोरगा पश्चिमेच्या गोलमध्ये, तोंड पूर्वेला. पाहुण्यांच्या कृपेनं मॅच साडेसातच्या आसपास सुरू झाली आणि तोवर सूर्य अगदी त्याच्या डोळ्यांच्या रेषेत आला होता. मला हे दिसलंच नाही. मी चेंडूकडं बघत होते. नवखी माणसं तेच करतात. तुम्ही चेंडूकडं फारसं बघतच नव्हता. म्हणालात, "ताई, कीपरची मॅच बॉल लांब असतो तवाच चालू असते. बघा, हात काखेत घातलेत त्यानं. घालू नये." मग एक उंच, लांब चेंडू आला. तो उन्हातून आला, दवानं ओला झालेला आला, पोराच्या हातमोज्यांना लागला आणि साबणाच्या वडीसारखा निसटून गोलमध्ये गेला.

कडेनं लगेच सुरू झालं. "झोपला काय बे!" "शेकोटी द्या रे त्याला!" एकजण, चांगला मफलर-जॅकेट घातलेला, ज्याचा स्वतःचा मुलगा त्याच संघात होता, तो म्हणाला, "याला कुणी घेतलं टीममध्ये?" माझा पोरगा चौदा वर्षांचा आहे, अण्णा. त्याला सगळं ऐकू जात होतं. मैदानात ओरडणाऱ्याला वाटतं आपला आवाज गर्दीत मिसळतोय. पण थंडीच्या सकाळी पन्नासएक माणसांची कसली आलीये गर्दी. माझा घसा दाटून आला होता, मला एक शब्द फुटला नसता.

तुम्ही उठलात. चादर खांद्यावर टाकलीत आणि मागाच्या खडखडाटावर मात करणारा तो आवाज लावलात: "उनाकडं तोंड करून तू हुबा ऱ्हा बे आधी! मग बोल!"

सगळं मैदान गप्प. पंचांनीही वळून बघितलं. आणि माझ्या पोरानं, अण्णा, पहिल्यांदाच मान वर केली.

तुमचे आभार मानायचे ते मुख्यतः या एका वाक्यासाठी. त्याची बाजू घेतलीत म्हणून तर आहेच, पण तुम्ही "लहान आहे, जाऊ द्या" असं म्हणाला नाहीत. गोल का झाला याचं खरं कारण सांगितलंत. घरी आल्यावर तो मला हेच म्हणाला, "आई, त्या आजोबांना कळलं होतं." सहानुभूती त्याला आमच्याकडून भरपूर मिळते. चूक कुठं झाली आणि परिस्थिती कुठं आडवी आली, हे वेगळं करून सांगणारं माणूस त्याला त्या दिवशी भेटलं. शिक्षिका म्हणून मलाही ते थोडं लागलं. वर्गात आम्ही एक तर रागावतो, नाही तर "असू दे, पुढच्या वेळी" म्हणतो.

मध्यंतरात तुम्ही त्याला बसू दिलं नाहीत. हातमोजे काढायला लावलेत, बोटं तुमच्या तळव्यात चोळलीत, मोजे जर्सीच्या आत पोटाशी ठेवायला सांगितलेत. "ओला बॉल धरायला जायचं न्हाई. अंग बॉलच्या मागं ठेव. न्हाई जमलं तर बाजूला ढकल, पुढं टाकू नको." तीन वाक्यं. कोचनं वर्षभरात गोलकीपरसाठी वेगळं काही सांगितल्याचं मला आठवत नाही, आणि त्यांना तरी काय बोलणार, एकटा माणूस तीसेक पोरं सांभाळतो.

त्याच दहा-पंधरा मिनिटांत, चहाचा कप हातात धरून, तुमच्या वडिलांची गोष्टही सांगितलीत. ते मुंबईला गिरणीत होते आणि कूपरेज मैदानावर रोव्हर्स कपच्या मॅच बघायला जायचे. 1950 ते 1954 सलग पाच वर्षं हैदराबाद सिटी पोलिसांनी तो कप जिंकला, तेव्हा घरात तेलुगू बोलणाऱ्या तुमच्या आख्ख्या खोलीला आपण स्वतःच जिंकल्यासारखं वाटायचं. आणि हैदराबादचाच पीटर थंगराज, 1960 च्या रोम ऑलिंपिकमध्ये भारताच्या गोलमध्ये उभा असलेला. त्याच्या उंचीचं वर्णन वडील दाराच्या चौकटीकडं हात करून करायचे म्हणालात. पोरानं घरी आल्या आल्या थंगराज शोधला. आता ते नाव त्याच्या कंपासपेटीच्या झाकणावर आहे.

तुम्ही मला विचारलं होतंत, "विलायतेत बर्फात कसं काय खेळतात ओ?" उत्तर आणलंय. कधीकधी खेळतच नाहीत. 1962-63 च्या हिवाळ्यात इंग्लंडमध्ये इतकी थंडी पडली की त्यांच्या एफए कप या फुटबॉल स्पर्धेची तिसरी फेरी 5 जानेवारीला सुरू झाली ती 11 मार्चला संपली. लिंकन आणि कोव्हेंट्री या क्लबांची एकच मॅच पंधरा वेळा पुढं ढकलली. मैदानं गोठून दगड झालेली. त्या मानानं आपले 11 अंश म्हणजे त्यांचं बरं ऊन. पण पाहुण्यांसाठी मॅच थांबवायची पद्धत तिकडं असेल असं वाटत नाही.

दुसऱ्या हाफला तुम्ही पायरी सोडून थेट पूर्वेच्या गोलमागे जाऊन उभे राहिलात. पंचांनी दोनदा मागं सरकायला सांगितलं, तुम्ही दोन्ही वेळा "व्हय साहेब" म्हणून सरकलात आणि तिथूनही तुमचा शब्द न शब्द मला या टोकाला ऐकू येत होता. मैदान हळूहळू वाळत गेलं, ऊन पाठीवर आलं, पोरगा दोन पावलं पुढं उभा राहायला लागला. बचावातल्या पोरांना नावानं हाका मारायला लागला. घरी जेवायला बोलावलं तर ओ न देणारं पोर! आपण एक गोल फेडला. ऑफसाइड तुम्ही मला याच दरम्यान लांबून हातवारे करून समजावलात, तो मला अजून अर्धाच कळलाय.

मग टायब्रेकर, म्हणजे बरोबरी सोडवायला पेनल्टी. कप मॅच, हरला तो घरी. गोलरेषेवर एक तरी पाय हवा, चेंडूला पाय लागेपर्यंत रेषा सोडायची नाही, हे त्याला माहीत होतं. पण माहीत असणं वेगळं आणि काकडलेल्या पायांनी थांबून राहणं वेगळं. तिसरी पेनल्टी त्यानं अडवली. आपल्या दोन वरून गेल्या. 4-3 नं हरलो.

मफलरवाल्यांच्या मुलानं मारलेली त्या दोनांपैकी एक होती, हे मी इथं लिहिणार नव्हते. पण लिहिते, कारण तुम्ही सगळ्यात आधी त्या पोराकडं गेलात. चादर त्याच्या खांद्यावर टाकलीत. माझ्या मुलाकडं नंतर आलात आणि विचारलंत काय, तर "नाष्टा केला का बे?" केला नव्हता. सातची मॅच, पोटात फक्त दूध. मग दोघांना घेऊन कोपऱ्यावरच्या गाडीवर गेलात आणि गरम उप्पीट खायला घातलंत. मला पैसे देऊ दिले नाहीत. मफलरवाले गृहस्थ जरा अंतरावर उभे होते; तुम्ही त्यांनाही प्लेट पाठवलीत. त्यांनी ती घेतली. मी असते तर पाठवली नसती, अण्णा, खरं सांगते.

आता कामाचं. सूनबाईंकडून कळलं की रविवारी सकाळी तुम्ही मोकळे असता. आमच्या पोरासोबत शेजारच्या शाळेचे दोन कीपर मिळून तिघं तयार आहेत. कोचची हरकत नाही, उलट त्यांना सुटल्यासारखं झालंय. वेळ आठची ठेवलीय, सातची नाही. उप्पीट या खेपेला माझ्या घरचं. आमच्या ह्यांनी नवा पंप आणलाय, पण सुई त्यात बसत नाही, तेव्हा तुमच्याकडची असेल तर खिशात टाकून या.

आणि पुढच्या महिन्यात पुन्हा त्याच मैदानावर मॅच आहे, पुन्हा सकाळची. नाणेफेक जिंकली तर आधी पूर्वेचा गोल घे, सूर्य पाठीशी राहील, असं मी कॅप्टनला आकृती काढून समजावलंय. तो "हो मॅडम" म्हणतो आणि विसरतो. तुमच्या आवाजात एकदा सांगा.

आपली,
पिवळ्या जर्सीची आई
सोलापूर