चितळाच्या आतड्याचा नमुना ताजाच हवा

मा. संपादक,

वाहनाच्या धडकेत मेलेल्या चितळ-सांबरांच्या शवविच्छेदनात पचनमार्गातील संप्रेरक (हार्मोन) बनवणाऱ्या पेशींचे नमुनेही घ्यावेत, ही कळकळीची विनंती. १९७२च्या वन्यजीव कायद्यानुसार लागणारी लेखी परवानगी मात्र आधीच हाताशी हवी.

कोटीपोट, जाळीपोट आणि पडदेपोट या रवंथ करणाऱ्या प्राण्याच्या पहिल्या तीन पोटांत या पेशी शोधू नयेत. तिथले अस्तर बहुस्तरीय, ग्रंथीविरहित असते. खरा शोध चौथ्या पोटापासून सुरू होतो. त्याच्या शेवटच्या भागात गॅस्ट्रिन, लहान आतड्याच्या सुरुवातीला सिक्रेटिन आणि कोलेसिस्टोकायनिन, तर शेवटाकडे जीएलपी-१ ही संप्रेरके बनवणाऱ्या पेशी भेटतात. त्या अस्तरात एकेकट्या विखुरलेल्या असतात, म्हणून सूक्ष्मदर्शकाखालच्या एकाच पातळ कापावर निष्कर्ष काढू नये.

सगळे बिघडते ते वेळेमुळे. मृत्यूनंतर आतड्याचे अस्तर सर्वांत आधी सडते, उन्हाळ्यात तर काही तासांतच. तुकडा ५ मिमीपेक्षा जाड नको. तो सलाइनने हळुवार धुवावा, बोटाने पुसू नये. कागदी पुठ्ठ्यावर टाचून १० टक्के बफर फॉर्मालिनमध्ये, तुकड्याच्या किमान दहापट द्रावणात बुडवावा. २४ ते ४८ तासांनी ७० टक्के अल्कोहोलमध्ये हलवावा. फॉर्मालिनमध्ये जास्त दिवस राहिल्यास प्रतिजन (पेशी रंगवून ओळखण्यासाठी वापरलेली प्रतिपिंडे ज्यांना चिकटतात ते रेणू) झाकले जातात आणि पेशी असूनही रंग येत नाही. साध्या फ्रीजरमध्ये तर ठेवूच नये, बर्फाचे स्फटिक पेशी फोडतात.

ही प्रतिपिंडे सहसा दुसऱ्याच प्राण्यांच्या संप्रेरकांवर पारखलेली असतात. त्यामुळे सोबत तुलनेसाठी शेळीच्या त्याच भागाचा काप आणि प्राथमिक (संप्रेरकाला थेट चिकटणारे) प्रतिपिंड न घातलेला काप हवाच.

— काही पशुवैद्यक वाचक