‘उलट क्रमाने जोडा’ हे वाक्य आता बास करा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत पिस्तुलाच्या देखभालीवरचा लेख वाचला. चांगला आहे, तेल कुठे लावायचं कुठे नाही, नळी चेंबरच्या (गोळी बसते त्या मागच्या टोकाच्या) बाजूने का साफ करायची, सगळं व्यवस्थित सांगितलंय. फक्त शेवटी लेखकाने जोडणीचा विषय एका ओळीत उरकलाय, की खोललं त्याच्या उलट क्रमाने जोडा. हेच वाक्य किती कंपन्यांच्या माहितीपुस्तिकेत असतं, आणि खरं सांगायचं तर घरी पिस्तूल उघडून बसलेल्या माणसाचा सगळा वेळ याच एका वाक्यापायी जातो. म्हणून हे पत्र.

खोलताना काय होतं, पिन काढली की स्प्रिंग आपोआप मोकळी होते, भाग आपले आपण हातात येतात, कोणाला काही पकडून ठेवावं लागत नाही. जोडताना मात्र तीच स्प्रिंग दाबून धरायची, त्याच वेळी दुसरा भाग भोकासमोर आणायचा, आणि तिसऱ्या हाताने पिन घालायची, तो तिसरा हात कोणाकडेच नसतो. शिवाय क्रम बरोबर असून भागत नाही, भाग कुठल्या अवस्थेत आहे तेही लागतं. हॅमर, म्हणजे ट्रिगर दाबल्यावर आपटणारा घोडा, वर आहे का खाली, पिस्तुलाचं तोंड आभाळाकडे आहे का जमिनीकडे, गोळ्यांचं मॅगझिन आत आहे का बाहेर. उलट क्रमात यातलं काहीच येत नाही.

पॉइंट २२ च्या, म्हणजे बारीक गोळीच्या, टार्गेट पिस्तुलांमधलं सगळ्यात गाजलेलं उदाहरण रुगर या अमेरिकन कंपनीच्या मार्क मालिकेचं. १९४९ ला पहिलं मॉडेल आलं, आणि तेव्हापासून साध्या साफसफाईनंतर ते परत जोडताना लोकांचा जीव मेटाकुटीला येतो. गंमत म्हणजे पिस्तूल अतिशय चांगलं, नेमबाज वर्षानुवर्षं वापरतात, अडचण फक्त जोडणीची. हॅमरच्या मागे एक छोटीशी दांडी लोंबकळत असते, ती मुठीच्या मागच्या भागात जी मुख्य स्प्रिंग असते तिच्या टोपीत जाऊन बसायला हवी. दांडी मोकळी झुलते, त्यामुळे पिस्तूल ज्या कोनात धरलंय त्यावर ती कुठे पडणार ते ठरतं. ट्रिगर दाबून हॅमर खाली आणलेला नसेल किंवा पिस्तूल चुकीच्या बाजूला कललं असेल तर ती टोपीच्या बाहेर राहते, वरून सगळं बसल्यासारखं दिसतं आणि बोल्ट (चेंबर मागून बंद करणारा सरकता दांडा) मागे ओढला की अर्ध्यावर अडकतो. मार्क थ्री मध्ये आणखी भर, मॅगझिन आत नसेल तर ट्रिगर दाबून हॅमर पडतच नाही, म्हणजे जोडणीच्या मध्येच रिकामं मॅगझिन घाला, ट्रिगर दाबा, परत काढा, हे चालूच. शेवटी २०१६ ला मार्क फोर आलं, त्यात मागे एक बटण दाबलं की वरचा भाग बिजागरीसारखा उचलला जातो, अवजार लागत नाही. मधे सदुसष्ट वर्षं गेली! म्हणजे चूक नुसती घरी बसलेल्या माणसाची नव्हती, डिझाइनच तसं होतं, हे कंपनीनेच नवीन डिझाइन काढून दाखवून दिलं असं मी तरी समजतो.

माझंही पॉइंट २२ चंच आहे, मॉडेल सांगत नाही. अख्खी संध्याकाळ त्याच्यापुढे बसलो, बोल्ट मागे जातो आणि थांबतो, परत खोला, परत घाला, बोटांची कातडी निघाली. घरच्यांनी जेवायला तीनदा हाक मारली आणि मग नाद सोडला. रागाच्या भरात हातोडी घेण्याचा मोह सगळ्यांनाच होतो, ती मात्र ड्रॉवरमधेच राहिली, आणि दुसऱ्या दिवशी गनस्मिथकडे, म्हणजे बंदुका दुरुस्त करणाऱ्या कारागिराकडे, गेल्यावर त्यांनी पहिला प्रश्न तोच विचारला, “ठोकलं नाहीत ना कुठे?” नाही म्हटल्यावर चेहरा खुलला त्यांचा. आधी चेंबर स्वतः बघितला, करंगळी घालून चाचपला, मग पिस्तूल उलटं करून एका डोळ्याने आत पाहिलं, पुन्हा सरळ केलं, काहीतरी हललं आणि बसलं. चहा अजून कपात ओतला नव्हता तेवढ्यात काम झालं. वर म्हणाले, “इथे येणारी निम्मी पिस्तुलं बिघडलेली नसतात हो, बिघडवून आणलेली असतात.”

यात खरी गोम अशी की चुकीचं जोडलेलं पिस्तूल दर वेळी अडकतंच असं नाही. अडकलं तर नशीब समजा. मार्क मालिकेच्याच बोल्टमध्ये फायरिंग पिनला (गोळीच्या बुडावर आपटणाऱ्या सुईला) अडवणारी एक छोटी आडवी पिन असते, बोल्ट पूर्ण खोलला आणि ती परत घालायची राहिली तरी पिस्तूल जोडलं जातं, चालतं, फक्त गोळी न भरता रिकामं चालवलं की फायरिंग पिन थेट चेंबरच्या कडेवर आपटते आणि तिथे खड्डा पडायला लागतो. ‘१९११’ नावाच्या मॉडेलच्या जातीच्या पिस्तुलात तीन पात्यांची एक चपटी स्प्रिंग असते, एक पातं हॅमरला अडवून धरणाऱ्या सीअरवर, एक ट्रिगर आणि सीअरचा संबंध तोडणाऱ्या डिस्कनेक्टरवर, एक मुठीवरच्या ग्रिप सेफ्टीवर. पातं जागेवरून सरकलं किंवा कोणी ‘जरा ट्रिगर हलका करू’ म्हणून वाकवलं, तर स्लाइड, म्हणजे वरचा सरकता भाग, पुढे जाताना हॅमरही मागोमाग पडू शकतो. भरलेल्या पिस्तुलात याचा अर्थ ट्रिगर न दाबताच गोळी सुटू शकते. आणि त्याच पिस्तुलाच्या स्लाइड स्टॉपखाली (स्लाइड अडवणाऱ्या खटक्याखाली) जो अर्धगोल ओरखडा दिसतो ना, तो घरी घाईत जोडणाऱ्यांचाच, पण तो बिचारा नुसता दिसायला वाईट, त्याने काही बिघडत नाही.

म्हणून माझं म्हणणं असं आहे की माहितीपुस्तिकेत आणि तुमच्यासारख्यांच्या लेखांत दोन गोष्टी वेगळ्या करून लिहा. स्लाइड, नळी, मोठी स्प्रिंग इथपर्यंत खोलणं हे मालकाचं काम, ते प्रत्येकाला यायलाच हवं. त्याच्या पुढे पिना ठोकून ट्रिगरचा संच बाहेर काढणं हे कारागिराचं. आता कोणी म्हणेल की व्हिडिओ असतात की सगळे. असतात, पण व्हिडिओतल्या माणसाने ते शंभरदा केलेलं असतं आणि नेमक्या अडकायच्या जागी त्याचा अंगठा कॅमेऱ्यासमोर येतो. हौस म्हणून पुढेही जायचं असेल तर जाऊ दे, पण मग जोडणीचं पान खोलण्याच्या पानापेक्षा मोठं हवं, प्रत्येक टप्प्याला हॅमर कुठे, तोंड कुठे, आणि नीट बसलं हे कशावरून ओळखायचं, एवढं तरी द्या. स्प्रिंगचं कुठलं टोक कुठे तेही, कारण रशियन मकारोव्हसारख्या पिस्तुलात नळीवर चढवायच्या स्प्रिंगचं एक टोक घट्ट असतं आणि ते आधी चढवायचं असतं, दिसायला दोन्ही टोकं सारखीच वाटतात.

तुमच्या लेखात अजून एक गोष्ट हवी होती. चेंबर रिकामा आहे ना हे खोलायच्या आधी बघायचं, ते लेखकाने लिहिलंय, बरोबरच आहे, कारण ग्लॉकसारख्या पिस्तुलात स्लाइड काढायलाच ट्रिगर दाबावा लागतो. पण जोडून झाल्यावर काय? गोळ्या दुसऱ्या खोलीत ठेवून रिकाम्या पिस्तुलावर तपासायचं, सेफ्टी लावून ट्रिगर दाबला तर हॅमर पडत नाही ना, ट्रिगर दाबून धरलेला असताना स्लाइड मागेपुढे केली तर हॅमर वरच राहतो का, ट्रिगर सोडल्यावर टिक आवाज येऊन तो परत पकड घेतो का. फक्त पॉइंट २२ वाल्यांनी असं रिकामं चालवायच्या आधी आपल्या पिस्तुलाला ते चालतं का हे पुस्तिकेत बघून घ्यावं. यातलं एकही जरा वेगळं वाटलं तर गोळी भरायचीच नाही.

आणि गनस्मिथकडे न्यायची वेळ आली तर अर्धवट कसंबसं जोडून नेऊ नका, त्याला आधी तुमचा गुंता सोडवावा लागतो. सगळे भाग एका डबीत, उडालेली स्प्रिंग सोफ्याखालून शोधून तीही त्यातच, गोळ्या घरी, आणि कुठपर्यंत खोललं, कुठे अडलं ते न लाजता सांगा. मी सांगितलं, त्यांनी हसून मान डोलावली आणि पुढचं गिऱ्हाईक घेतलं.

आपला,
एक नियमित वाचक