पावसात टॉवरवर चढावं लागू नये म्हणून

रत्नागिरी,
१४ जुलै

चि. ओंकार,
अनेक आशीर्वाद.

परवा बोलता बोलता फोन ठेवून दिलास, त्यावर मी काही बोलणार नाही. बाबा म्हणाले, पत्रच लिही, फोनवर तुम्ही दोघं एकमेकांना वाक्य पुरं करू देत नाही. रात्री अकराला, भर पावसात तू टॉवरवर चढलास हे मला संजूकडून कळलं. तोही विषय काढायचा नाही असं ठरवलंय. फक्त खाडीवरून गावात इंटरनेट आणणाऱ्या तुझ्या बिनतारी लिंकबद्दल लिहिते.

तू पाठवलेला स्क्रीनचा फोटो आणि लॉग, दोन्ही नीट बघितलं. अंतर ८ किलोमीटर, ५.८ गिगाहर्ट्‌झ, चॅनेल ४० मेगाहर्ट्‌झचा, सिग्नल उणे ६० डीबीएम (उण्याचा आकडा जितका मोठा, तितका सिग्नल क्षीण). हिशेबानं जितकी पातळी यायला हवी तितकीच आली आहे, म्हणजे डिश अगदी नेमकी लागली आहे. खाडीवरून इतकी नेमकी डिश लावणं येरागबाळ्याचं काम नाही. तो आकडा मी बाबांना मुद्दाम दाखवला. पण मॉड्युलेशन (एका लहरीवर किती बिट चढवायचे ते) २५६ क्वॅम आणि कोडिंग (चुका दुरुस्त करायला जादा बिट किती ते) ५/६ वर लॉक का केलंस?

सेकंदाला ३६० मेगाबिट दिसतात म्हणून, हे मला कळतं. ४० मेगाहर्ट्‌झमध्ये डेटाच्या १०८ उपवाहक लहरी. प्रत्येकीवर ८ बिट, त्यातले ५/६ खरे, म्हणजे एका सिम्बॉलमध्ये, एका ठोक्यात, ७२० बिट. सिम्बॉल ४ मायक्रोसेकंदांचा, म्हणून १८०, आणि एकाच वेळी जाणाऱ्या दोन स्ट्रीमचे ३६०. आता त्याची किंमत बघ. ६४ क्वॅम म्हणजे आठ बाय आठ ठिपक्यांची रांगोळी, २५६ क्वॅम म्हणजे तेवढ्याच पाटावर सोळा बाय सोळा. ठिपक्यांमधलं अंतर निम्म्यावर येतं, आणि थोडा गोंगाट आला तरी रिसीव्हर शेजारच्या ठिपक्यावर बोट ठेवतो. ६ चे ८ बिट करायला साधारण ६ डीबी जास्त लागतात, म्हणजे चौपट शक्ती. पदरात पडतो एक तृतीयांश जास्त वेग. सगळ्यात खालच्या पायरीवर असं नसतं. तिथे ३ डीबी दिले की वेग दुप्पट होतो. महाग काय ते वरच्या टोकाला.

कोडिंगचंही तेच. ५/६ म्हणजे पाच बिटांच्या राखणीला एकच जादा बिट. १/२ म्हणजे प्रत्येक बिटाला एक राखणदार. नेहमीच्या पद्धतीत मूळ कोड १/२ चाच असतो, त्यातले बिट मुद्दाम गाळून ३/४ नि ५/६ करतात. गाळलेलं रिसीव्हरला अंदाजानं भरून काढावं लागतं, आणि सिग्नल स्वच्छ असेल तरच तो अंदाज बरोबर येतो.

२५६ क्वॅम ५/६ ला ४० मेगाहर्ट्‌झमध्ये वाय-फायच्या मानकाप्रमाणे उणे ५४ लागतात. चांगल्या रेडिओला त्याहून पाच-सात डीबी कमी चालतात, म्हणून तुझ्या उणे ६० वर ते कसंबसं उभं राहिलं. हाताशी शिल्लक काहीच नाही. शिवाय वरच्या मॉड्युलेशनला रेडिओ स्वतःची शक्ती काही डीबी कमी करतो, नाहीतर अँप्लिफायर ठिपके वेडेवाकडे करतो. पॉवर वाढवून बघितलीस तर लिंक आणखी बिघडेल. ती वाढवू नकोस.

त्या रात्री पातळी उणे ६६ झाली होती. १६ क्वॅम ३/४ ला मानकाप्रमाणेच उणे ६७ पुरतात. ऑटोवर असतं, म्हणजे रेडिओला स्वतः पायरी निवडू दिली असती, तर लिंक १६२ मेगाबिटवर उतरून चालू राहिली असती. गावात कुणाला कळलंही नसतं, आणि तुला चढावं लागलं नसतं.

बघ, आलेच मी त्याच विषयावर.

आजोळी रेडिओची एरियल घेऊन तू असाच कौलांवर चढायचास. नाना खाली काठी आपटत उभे, माई रडकुंडीला आलेली, आणि तू वरून विचारायचास, "आता ऐकू येतं का?" यायचं रे, स्वच्छ यायचं. म्हणून तर कुणाला तुला खाली ये म्हणायची छाती झाली नाही. पावसात ती कौलं किती निसरडी व्हायची ते आठवलं की अजून पोटात गोळा येतो, आणि टॉवरच्या पट्ट्या तर लोखंडाच्या.

असो. तू वर जाऊन नट आवळलेस आणि लिंक आली, म्हणून नट ढिले होते असं तुला वाटतंय. लॉग परत वाच. सोमवारी लिंक सव्वानऊला पडली, मंगळवारी दहाच्या सुमारास, बुधवारी अकराला पाच-दहा कमी असताना. रोज पन्नासेक मिनिटांनी पुढे सरकणारी गोष्ट म्हणजे भरती. एक टोक पाण्यापासून ६० मीटर उंचीवर, दुसरं ३० मीटर उंचीवर. सरळ येणारा सिग्नल आणि पाण्यावर आपटून येणारा, यांच्या वाटेत ४५ सेंटिमीटरचा फरक. पाणी २ मीटर चढलं की तो साधारण साडेचार सेंटिमीटरनं कमी होतो, आणि तुझी तरंगलांबी आहे ५.२ सेंटिमीटर. म्हणजे एका भरतीत दोन्ही सिग्नल एकमेकांना मिळतातही आणि मारतातही. तू नट आवळत होतास तोवर पाणी पुढे सरकलं होतं.

तेव्हा खुर्चीत बसून करण्यासारखं आधी कर. लॉक काढ. ऑटो ठेव, पण कमाल मर्यादा ६४ क्वॅम २/३ ला बांध. तिथे २१६ मिळतात. जाणं-येणं एकाच चॅनेलवर असल्यामुळे प्रत्यक्षात त्याच्या निम्म्याच्या आसपास हाती येतील, पण ते टिकतील. आत्ता ३६० दिसत असताना पॅकेट पुन्हा पुन्हा पाठवण्यातच वेळ जातोय. तेही पुरेना तर चॅनेल २० मेगाहर्ट्‌झ कर. गोंगाट ३ डीबीनं उतरेल, वेग निम्म्याहून थोडा कमी होईल. एलडीपीसी, म्हणजे चुका दुरुस्त करणारा जास्त चांगला कोड, दोन्ही टोकांना चालू आहे ना, ते बघ. त्याचा एखाद-दोन डीबी फायदा फुकट मिळतो.

आणि पुढच्या वेळी लिंक पडली की आधी आकडे बघ. सिग्नल तेवढाच पण गोंगाट वाढलेला, तर शेजारी कुणी त्याच चॅनेलवर आलंय, वर जाऊन काही होणार नाही. पातळी एकाच चेनची (रेडिओच्या दोन अँटेना-वाटांपैकी एकीची) पडली आणि पाऊस थांबल्यावरही वर आली नाही, तर त्या चेनच्या कनेक्टरमध्ये पाणी. पाऊस उघडल्यावर तासा-दोन तासांत सुधारली, तर वाटेतलं ओलं झाड. नुसता पाऊस ५ गिगाहर्ट्‌झला एवढ्या अंतरात जवळजवळ काही करत नाही. यातल्या एकाही कारणासाठी रात्री चढावं लागत नाही. कनेक्टरसुद्धा सकाळपर्यंत थांबतो. वीज चमकत असेल तर टॉवरच्या पायथ्याशीही उभा राहू नकोस. तुझे साहेब फोन करोत नाहीतर सरपंच करोत.

फार बोलले. तू लहान नाहीस, आणि या कामात आता तुला माझ्यापेक्षा जास्त दिसतं. संजूची आई म्हणत होती, तुझ्यामुळे वाडीतल्या पोरांना फॉर्म भरायला चिपळूणला जावं लागत नाही. मी ऐकून घेतलं, बोलले काही नाही, पण दिवसभर तेच मनात होतं.

पाण्याचं परावर्तन कायमचं घालवायचं असेल तर खालच्या टोकाची डिश आणखी खाली, १० मीटरपर्यंत आण. मग सिग्नल पाण्यावर आपटण्याची जागा त्या टोकापासून पावणेतीन किलोमीटरवर आहे ती सव्वा किलोमीटरच्या आत येईल, आणि तिथे कांदळवन असेल तर परावर्तन मोडेल. आधी नकाशावर बघ. काम दिवाळीनंतर, कोरड्या दिवशी, खाली माणूस उभा करून.

तायडी पुढच्या आठवड्यात येतेय. जमलं तर ये. रागावला असशील तरी ये.

तुझी,
आई

ता.क. संजूबरोबर स्वतःला चिकटणारी रबरी टेप पाठवतेय. आधी ती ताणून लाव, मग वरून पीव्हीसी टेप. दोन्ही खालून वर गुंडाळ, म्हणजे पाणी सांध्यात न शिरता ओघळून जातं. हार्नेसची कडी जरा सैल वाटते असं संजू म्हणाला. तिचा फोटो पाठव.