ह्याचे काका परत मेले?

मिरज,
रविवार, रात्रीचे अकरा

प्रिय अभ्या,

सप्रेम नमस्कार वि. वि.

पत्र बघून दचकू नकोस. घरी सगळे बरे आहेत आणि मला पैसेही नको आहेत. व्हॉट्सॲपवर मी चार ओळींच्या वर लिहिलं की तू अंगठा दाखवून मोकळा होतोस, म्हणून कागद घेतला. विषय तोच, खरा स्पायडरमॅन कोण, टोबी मॅग्वायर की अँड्र्यू गारफिल्ड. मी टोबीचा, तू अँड्र्यूचा. हसू नकोस, लेका. २०१२ला मल्टिप्लेक्सच्या पार्किंगमध्ये आपण तो वाद अर्धवट टाकला होता आणि त्या दिवशी मी जे बोललो ते मला अधूनमधून आठवतं.

झालं असं की ताईचा ओजस सुट्टीला आलाय. अकरा वर्षांचा. त्याला स्पायडरमॅन म्हणजे फक्त टॉम हॉलंड माहीत. म्हटलं, चल, तुला मूळ पीठ दाखवतो. पाच रात्री पाच सिनेमे. पहिल्या तीन रात्री सॅम रेमीचे टोबीवाले तीन, मग मार्क वेबचे अँड्र्यूवाले दोन. चौथ्या रात्री दुकानाबाहेर गोळी सुटली आणि बेन काका झालेला मार्टिन शीन फूटपाथवर कोसळला. पोरगं ताटातली भाकरी तशीच ठेवून म्हणालं, "मामा, ह्याचे काका परत मेले?"

मी इतका हसलो की आईने आतून विचारलं काय झालं म्हणून. पण प्रश्न रास्त आहे. २००७ला तिसरा भाग आला, चौथ्याची जुळवाजुळव चालू होती, आणि २०१०च्या जानेवारीत रेमी आणि सिनेमे काढणारी सोनी कंपनी वेगळे झाले. लगेच नव्याने सुरुवात करायचं जाहीरही झालं. मधे फक्त पाच वर्षं. पहिल्या काकांचं वर्षश्राद्धसुद्धा लोक विसरले नव्हते! खरं तर आपल्याला ह्याचं एवढं वाटायला नको. आपण नाट्यपंढरीतली माणसं. तेच नाटक नवा संच घेऊन उभं राहिलं की आपण हौसेने जातो आणि येताना जुन्या नटाची आठवण काढतो. तेव्हा मात्र मी हटून बसलो होतो, की हे दुकान चालू ठेवण्यासाठी केलेलं आहे. ते होतंही. हक्क हातात ठेवायचे तर सोनीला सिनेमे काढत राहणं भागच होतं. पण धंद्यासाठी काढलेल्या गोष्टीत काही चांगलं निघतच नाही, असं थोडंच आहे?

आता काकांच्या मरणाकडे येतो, कारण माझ्या मते सगळा फरक तिथेच आहे.

२००२चा पीटर, म्हणजे टोबीचा स्पायडरमॅन, कुस्तीच्या रिंगणात उतरतो तो तीन हजार डॉलरसाठी. का, तर मेरी जेनवर छाप पाडायला गाडी घ्यायची असते. तीन मिनिटं टिकायचं असतं, हा दोन मिनिटांत आडवा करतो, तर तो मॅनेजर शंभर डॉलर टेकवून बोळवण करतो. मग त्याच मॅनेजरला लुटून चोर पळतो आणि पीटर बाजूला होऊन त्याला लिफ्टमध्ये जाऊ देतो. वर मॅनेजरचंच वाक्य मॅनेजरला परत करतो. त्या क्षणी थिएटरात आपण टाळ्या वाजवल्या होत्या, आठवतं? दहावीचा निकाल नुकता लागलेला, सांगलीत हिंदी डबिंगचा शो, पंखे बंद, आणि आपण दोघं पीटरच्या बाजूने ओरडतोय, "बरं झालं, जिरली!" पाच मिनिटांनी काका रस्त्यावर पडलेले. टाळ्या वाजवलेल्या हातांचं काय करावं ते कळेना. रेमीने प्रेक्षकालाही त्या पापात धरलं होतं. हे मला तेव्हा कळलं नाही, परवा ओजसच्या शेजारी बसल्यावर कळलं, कारण त्यानेही टाळी वाजवली.

२०१२च्या सिनेमात हाच प्रसंग चॉकलेट दुधाच्या बाटलीवर आहे. पीटरला दोन सेंट कमी पडतात, गल्ल्यावरचा पोरगा ऐकत नाही, चोर गल्ला मारतो आणि जाता जाता बाटली पीटरकडे फेकतो. बांधणी तीच, पण तिथे मला टाळी वाजवावीशी वाटली नाही. नुसता वैतागलेला मुलगा दिसला. शिवाय खुन्याच्या मनगटावरच्या ताऱ्याच्या गोंदणाचा शोध पीटर काही काळ घेतो आणि मग सिनेमा ते सगळं सोडूनच देतो, कारण तोवर खलनायक सरडा आलेला असतो. काकांच्या तोंडचं 'मोठी ताकद, मोठी जबाबदारी' हे प्रसिद्ध वाक्यही टाळलंय. जबाबदारीचं तेच सांगायचं, पण एवढा वळसा घालून, की सांगलीहून मिरजेला कोल्हापूरमार्गे आल्यासारखं वाटतं.

आता तू म्हणशील, तिसऱ्या भागात रेमीनेच घाण केली. कबूल. खरा खुनी त्या भागातला खलनायक वाळूवाला निघतो, म्हणजे पीटरने सोडलेल्या चोराचं ओझंच अर्धं होतं. स्वतःच्याच पायावर धोंडा. वाळूच्या कणाकणातून तो माणूस उभा राहायला धडपडतो तो प्रसंग सोडला, तर त्या भागाबद्दल मी काही बोलणार नाही. रस्त्यावरच्या नाचाबद्दल तर नाहीच. ओजसला मात्र तोच सगळ्यात आवडला. पिढीचा प्रश्न.

पण दुसरा भाग, अभ्या! २००४चा जुलै. मी पुण्यात नुकता कॉट बेसिसवर आलेलो, एका खोलीत चार कॉट, दोरीवर कुणाचे कपडे कुणाला कळत नाहीत, आणि मालक एक तारखेला सकाळी सातला दारात. पडद्यावर पीटर खोलीचं दार उघडतो आणि घरमालक पहिला शब्द काढतो तो भाड्याचा. मी खुर्चीत सरळ झालो. एकोणतीस मिनिटांत पिझ्झा पोचवायचा, उशीर झाला की नोकरी गेली. लॉन्ड्रीत सूट धुतला तर पांढऱ्या कपड्यांना लाल-निळा रंग लागला. काकूचं घर बँकेच्या घशात चाललंय, कर्ज नाकारलंय, आणि तीच काकू वाढदिवसाचे वीस डॉलर त्याच्या हातात कोंबते. बेन काकाही कारखान्यातून कमी केलेला इलेक्ट्रिशियनच होता. हा सुपरहिरोचा सिनेमा उधारीच्या वहीवर उभा आहे. त्याची शक्ती जाते तेव्हा तो लिफ्टने खाली येतो आणि शेजारचा माणूस त्याच्या सूटची चौकशी करतो, तर हा सांगतो की जरा खाज सुटते. तसला विनोद ज्याने मेसचा डबा परवडत नाही म्हणून पार्ले-जीवर रात्र काढली त्यालाच जास्त कळतो, असं माझं ठाम मत आहे.

आणि जेवणाच्या टेबलापाशी तो काकूला खरं सांगतो, की काका गेले ते माझ्यामुळे. ती काही बोलत नाही. त्याच्या हातातला आपला हात काढून घेते आणि उठून वर जाते. काकू झालेली रोझमेरी हॅरिस. बस्स. खलनायक डॉक ऑकच्या चार यांत्रिक हातांसाठी, त्यातले बरेच शॉट माणसांनी बाहुल्या नाचवतात तसे हलवून घेतलेले, त्या सिनेमाला इफेक्ट्सचं ऑस्कर मिळालं, योग्यच. माझ्या लक्षात मात्र त्या म्हातारीचा पाचवा हात राहिलाय.

इथपर्यंत मी २०१२लाही हेच बोललो होतो. आता जे लिहितो ते तेव्हा बोललो नव्हतो.

नव्या सिनेमातला पीटर काकूला काहीच सांगत नाही. काकू झालेली सॅली फील्ड त्याला अंडी आणायला सांगते, तो विसरतो. रोज रात्री तोंड सुजवून घरी येतो, ती बघते, विचारते, हा उत्तर देत नाही. शेवटी सरड्याशी झुंजून, रक्ताळलेला, तो दारात उभा राहतो आणि अंड्यांचा खोका पुढे करतो. ती त्याला मिठीत घेते. पहिल्या वेळी मी ह्या प्रसंगात पॉपकॉर्न आणायला गेलो होतो बहुतेक, कारण मला तो आठवतच नव्हता. परवा बघितला आणि गप्प झालो. टेबलावर बसून "आई, माझं चुकलं" म्हणणं आपल्या घरात कधी झालंय? आपल्याकडे अंडीच आणतात.

गर्दीचंही तसंच. रेमीच्या दुसऱ्या भागात ट्रेन थांबवून बेशुद्ध झालेल्या पीटरला लोक डोक्यावरून हातोहात आत घेतात, मुखवटा नसलेला चेहरा बघतात आणि दोन पोरं मुखवटा परत देऊन सांगतात, कुणाला सांगणार नाही. माझ्यासाठी तो कळस. नव्यात पुलावर जळत्या गाडीत एक लहान मुलगा अडकलाय, तर पीटर स्वतःचा मुखवटा काढून त्याला घालायला देतो, म्हणजे भीती जाईल. तिकडे मुलं मुखवटा परत देतात, इकडे हा मुलाला देतो. दोन्ही सिनेमांचा जीव मुखवटा उतरतो तिथेच आहे, हे मला इतक्या वर्षांत दिसलं नव्हतं. पुढे त्याच मुलाचा बाप क्रेनवाल्यांना गोळा करतो आणि पायात गोळी लागलेल्या स्पायडरमॅनसाठी रस्त्याच्या कडेने क्रेनची रांग लावतो. त्या क्रेनना मी तेव्हा मोठ्याने हसलो होतो. इमारती काय सुट्टीवर गेल्यात का, असं काहीतरी बोललो होतो. ओजस सोफ्यावर उभा राहिला होता, रे.

नव्या पीटरच्या मैत्रिणीबद्दल, ग्वेनबद्दल, तुझं म्हणणं तेव्हाही बरोबर होतं, मी हट्टाने मान्य केलं नाही. मेरी जेन तीन भागांत तीनदा पळवली जाते आणि किंचाळते. ग्वेनला पहिल्याच सिनेमात गुपित कळतं, औषध ती स्वतः बनवते, आणि दुसऱ्या भागात 'थांब' म्हटलेलं न ऐकता स्वतःच्या निर्णयाने येते. अँड्र्यू गारफिल्ड आणि एमा स्टोन नुसते गॅलरीत उभे राहून अडखळत बोलतात तेही बघत राहावंसं वाटतं. घड्याळाच्या मनोऱ्यात ती पडते, मागून सुटलेल्या जाळ्याचं टोक हाताच्या पंज्यासारखं उघडतं, पोचतं, आणि तरी उशीर होतो. १९७३च्या कॉमिकच्या अंकात ती मेली होती हे मला माहीत होतं, तरी परवा वाटलं, ह्या वेळी वाचेल. ओजसला मी आधी सांगितलं नव्हतं. चूक झाली. रात्री तो माझ्या खोलीत झोपायला आला.

मग तू जिंकलास का? नाही. एका मुद्द्यावर मी अजून अडलेलो आहे. रेमीच्या सिनेमात कोळी चावतो तो योगायोगाने. सहलीला गेलेल्या कुणालाही चावला असता, तुला, मला, बसमधल्या त्या टारगटाला. नव्यात बापाची लपवलेली बॅग, त्यातली फाइल, आणि दुसऱ्या भागात भुयारी रेल्वेच्या डब्यातली चित्रफीत. त्यात बाप सांगतो की कोळ्यांत त्याने स्वतःचाच डीएनए घातला होता, म्हणजे ते दुसऱ्या कुणाच्या अंगी लागलेच नसते. झालं! क्वीन्समधला पोरगा गेला आणि गादीचा वारस आला. ज्याच्या घराण्यात आहे त्यालाच मिळणार, हे ऐकायला मला स्पायडरमॅन कशाला हवा? ते गावात रोज दिसतं.

आणि इरफान! २०१२च्या २९ जूनला, अमेरिकेच्या चार दिवस आधी, तो सिनेमा आपल्याकडे लागला म्हणून आपण नाचत गेलो. आपला माणूस पुलावर गाडीत बसला आणि त्यानंतर सिनेमा त्याला विसरून गेला. त्याची भरपाई अजून झालेली नाही.

पण त्या बॅगेबद्दल मी तेव्हा जे बोललो, ते. पीटर तळघरातून बापाची बॅग वर आणतो, उघडतो, जुना चष्मा घालून बघतो, तेव्हा तू डोळे पुसत होतास आणि मी म्हणालो, "काय लेका, बॅगेला रडतोस?" तुझे बाबा जाऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं. वर्कशॉपच्या माळ्यावर तुला त्यांची ती रेक्झिनची बॅग सापडली होती, रिवाइंडिंगचे हिशेब, तांब्याच्या तारेचे तुकडे आणि चष्मा, हे तू मला आदल्याच आठवड्यात सांगितलं होतंस. मी ऐकलं होतं, अभ्या. तिथे बसून मला ते आठवलं नाही. पार्किंगमध्ये आठवलं, पण तोवर मी वादात पुढे होतो.

२०२१च्या डिसेंबरात तिघे स्पायडरमॅन एकत्र आले, तेव्हा तू बंगळूरला, मी इथे. अँड्र्यू टॉमच्या पडत्या मैत्रिणीला, एमजेला, झेलतो आणि त्याचा चेहरा पिळवटतो. बाहेर आल्यावर मी तुला फोन लावला. तू उचललास, आणि दोघंही काही बोललो नाही. मग तू म्हणालास, "झेललं रे त्याने." मी 'हं' म्हणालो.

असो. पावणेबारा झाले. गणपतीला येतोयस ना? पुलावरचा मुलगा, अंडी आणि क्रेन परत बघू. तिसरा भाग लावायचा नाही, एवढीच अट. ओजस ऐकणार नाही, त्याचं मी बघतो. काकूंना नमस्कार सांग.

तुझा,
मिल्या

ता. क. माळ्यावरची ती बॅग अजून तुझ्याकडे असेल तर येताना आण. उघडून बघू. तेव्हा मी बघायला आलो नव्हतो.